विहिरीची खोली कोण मोजणार?

मंडळी, हवामानबदलासाठी पैसा नाही असे आता कुणी म्हणू नये. २०१८ साली सुरू झालेल्या नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पाला जागतिक बँकेचे कर्ज मिळाले, पाचेक हजार गावे त्यात आली. गावाचा पाण्याचा ताळेबंद मांडण्याची गणिती पद्धत मुंबईच्या आयआयटीने करून दिली. चांगलेच झाले. माझे भांडण वेगळे आहे. संशोधन म्हटले की निधी संस्थेला आणि गावाच्या वाट्याला प्रश्नावली, हे मला मान्य नाही.

महावेध प्रकल्पात महसूल मंडळागणिक एक हवामान केंद्र बसवले. एका मंडळात कितीतरी गावे येतात, आणि आपला पाऊस असा की या शिवारात कोसळेल तर ओढ्यापलीकडे थेंब नाही. मग त्या गावाचा खरा आकडा कुणापाशी? तिथेच राहणाऱ्याकडे.

हिवरे बाजारात सरासरी पाऊस ४०० मिलिमीटरच्या आसपास. तिथे लोकांनी पाऊस मोजला, विहिरींची पातळी मोजली, आकडे ग्रामसभेत मांडले आणि त्यावरून पिके ठरवली. त्याही आधी, १९७२च्या दुष्काळानंतर, विलासराव साळुंखे या इंजिनिअरने पुरंदर तालुक्यातल्या नायगावच्या माळावर प्रयोग केले. त्यातून पाणी पंचायत उभी राहिली. पाणी जमिनीच्या हिशेबाने न देता माणशी द्यायचे, भूमिहीनालाही वाटा, उसाला मनाई. हे शहाणपण मातीत उतरल्यावर आले.

'खेड्यातल्या आकड्यांवर भरवसा कसा ठेवायचा?' असे विद्वान विचारतात. अहो, एक हेक्टरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे १०,००० लिटर पाणी. हे सातवीचे गणित. विहिरीत दोर सोडायला डॉक्टरेट लागत नाही. चुकले तर शिकवा. आम्ही मास्तरांनी जन्मभर दुसरे काय केले?

म्हणून माझे तीन हट्ट आहेत. निधी तीन वर्षांचा नको, दहा वर्षांचा द्या. दोन-तीन दुष्काळ पाहिल्याशिवाय गाव तगते की नाही हे कळायचे कसे? मोजमाप करणाऱ्या गावकऱ्याचे मानधन अंदाजपत्रकातच धरा. प्राध्यापकाला पगार आणि त्याला नुसता चहा, हा न्याय नव्हे. आणि अहवाल आधी मराठीत, ग्रामसभेत वाचा, मग खुशाल परिषदेला न्या.

आकडा चुकला तर संस्थेला फार तर पुरवणी जोडावी लागते. शेतकऱ्याचा मात्र हंगाम जातो. ज्याचे जास्त जाणार, त्याला संशोधनात आधी बसवा.