एका लॅपटॉपात दोन बिऱ्हाडे

नरसी नामदेव हे गाव ज्यांच्या नावाने ओळखले जाते, त्या संत नामदेवांचे मराठी अभंग गाथेत आहेत, तर 61 पदे गुरू ग्रंथ साहिबात. दोन्ही घरी ते तितकेच नांदतात. जुन्या लॅपटॉपलाही अशी दोन घरे देता येतात. विंडोज 10 चा नियमित सपोर्ट 14 ऑक्टोबर 2025 रोजी संपला, एवढ्यावरून गावाकडच्या मुलांनी चालता लॅपटॉप भंगारात काढू नये. आत दुसऱ्या ड्राइव्हची जागा असेल, तर एसएसडी बसवून त्यावर लिनक्स ही दुसरी ऑपरेटिंग सिस्टीम टाकावी. आधी डेटाचा बॅकअप घ्यावा, विंडोजमध्ये बिटलॉकर हे एन्क्रिप्शन चालू असेल तर त्याची रिकव्हरी की लिहून ठेवावी. लिनक्स टाकताना विंडोजची ड्राइव्ह काढून ठेवावी, म्हणजे लॅपटॉप सुरू करताना सिस्टीम उचलणारा नवा बूटलोडर तिच्यावर जाऊन बसत नाही. नंतर घड्याळ साडेपाच तासांनी चुकले तर घाबरू नये. लिनक्स लॅपटॉपच्या आतल्या घड्याळाची वेळ यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ) धरते, विंडोज स्थानिक. एक ड्राइव्ह बिघडली, तरी दुसरीवर अभ्यास चालू राहतो; हाताशी एकच लॅपटॉप असलेल्या घरात ही फार मोठी सोय आहे.