हमीपत्र कसले घेता, नदीचा आराखडा दाखवा



'मुलांच्या शिबिरांना नदीत उतरायला सरसकट बंदी घाला' अशी मागणी करणारे पत्र आपल्या स्तंभात वाचले. पत्रलेखकाची काळजी खरी आहे. जानेवारी २०२४ मध्ये वडोदऱ्याच्या हरणी तलावात सहलीची बोट उलटून १२ विद्यार्थी आणि २ शिक्षिका गेल्या. बोटीत क्षमतेपेक्षा जास्त माणसे होती आणि बहुतेकांच्या अंगात लाइफ जॅकेट नव्हते. जून २०१४ मध्ये हिमाचलात बियास नदीच्या पात्रात उतरलेले हैदराबादचे २४ विद्यार्थी लारजी धरणातून अचानक सोडलेल्या पाण्यात वाहून गेले. बोटीत किती माणसे बसवायची आणि वरून पाणी कधी सुटणार, हे दोन प्रश्न कोणी वेळेवर विचारले असते, तर ही मुले आज घरी असती. बंदी आली की हे प्रश्न विचारायची गरजच उरत नाही, म्हणून माझा बंदीला विरोध आहे.

मी निवृत्त क्रीडाशिक्षक. गेल्या वर्षी नातीच्या शिबिराचा कागद हातात आला. चार दिवस नदीतून होड्या वल्हवत जायचे होते. कागदावर काय, तर 'माझा पाल्य स्वतःच्या जबाबदारीवर येत आहे, काही बरेवाईट झाल्यास आयोजक जबाबदार राहणार नाहीत.' खाली पालकाची सही. मी फोन करून विचारले, दुसऱ्या रात्रीचा मुक्काम कुठे? उत्तर आले, "बघू काका, जागा मिळेल तिथं थांबू." मी सही केली नाही. नात आठवडाभर माझ्याशी बोलली नाही.

तिला मी नदीपासून तोडले असे तिला वाटले, त्यात तिची चूक नाही. काही वर्षांपूर्वी मीच युवक मंडळाची सोळा मुले-मुली घेऊन कराडच्या प्रीतिसंगमापासून बहे-बोरगावपर्यंत कृष्णेतून तीन दिवसांची कॅनो सफर केली होती. त्याची गोष्ट ती लहानपणापासून ऐकत आली आहे. तयारीला किती दिवस लागले, तेवढे मात्र मी गोष्टीत कधी सांगितले नव्हते. ते आता सांगतो.

आधी दोन रविवार मोटारसायकलवरून काठ पालथा घातला. कृष्णा नकाशावर सलग दिसते, प्रत्यक्षात ती बंधाऱ्यांनी अडवलेल्या तलावांची माळ आहे. टेंभू, नागठाणे, डिग्रज ही नावे शेतकऱ्याला पाण्यासाठी ठाऊक असतात. होडीवाल्याला ती उतरून चालायच्या जागा म्हणून ठाऊक हवीत. वरच्या बाजूने येताना बंधारा दिसतच नाही. संथ पाणी समोर एका रेषेत संपते, एवढेच. पाणी वरून जात असले तर खालच्या अंगाला ते गोल फिरत राहते आणि पडलेल्याला पुन्हा भिंतीकडे ओढते. आमच्याबरोबर भोई समाजातले एक वयस्क मामा होते. ते मुलांना म्हणाले, "बंधाऱ्याखालचं पाणी माणूस धरतं, सोडत न्हाई." माझ्या तासभराच्या भाषणापेक्षा हे एक वाक्य मुलांच्या लक्षात राहिले. प्रत्येक बंधाऱ्याच्या बऱ्याच अलीकडे होड्या काठाला लागल्या आणि उसाच्या बांधावरून खांद्यावर घेऊन पुढे नेल्या. उपसा योजनांच्या पंपांपासूनही तसेच लांब राहिलो.

दुसरी गोष्ट पाण्याची वेळ. कोयना धरणाच्या पायथा वीजगृहाचे दोन्ही संच चालू झाले की कोयना नदीत २,१०० क्युसेक पाणी येते. ते कराडला कृष्णेत मिसळते. पावसाळ्यात विसर्गाचे आकडे मोबाइलवर तासातासाला फिरतात, हिवाळ्या-उन्हाळ्यातल्या आवर्तनाची खबर मात्र विचारल्याशिवाय मिळत नाही. आम्ही विचारून घेतली होती. तरी दुसऱ्या रात्री मुलांकरवी पाण्याच्या कडेला उसाचे कांडे रोवून घेतले. पहाटे कांडे हातभर पाण्यात उभे होते. होड्या उंचावर बांधलेल्या आणि तंबू गावच्या देवळाशेजारी, त्यामुळे कोणाचा चहासुद्धा थांबला नाही.

बाकीचे हिशेब साधे आहेत, पण ते आधी करावे लागतात. नवशिकी मुले संथ पाण्यात ताशी तीन-चार किलोमीटर जातात, म्हणजे दिवसाला बारा-पंधरा पुरे. माणशी चार लिटर पिण्याचे पाणी धरले तर सोळा मुलांना रोज ६४ लिटर. ते होडीतून वाहायचे नसते, काठाने येणाऱ्या टेम्पोत ठेवायचे असते. लाइफ जॅकेट घातल्यावर खांद्याला धरून वर उचलून पाहायचे. ते कानापर्यंत सरकले तर ते त्या मुलाच्या मापाचे नाही. आणि घाटावर, कमरेएवढ्या पाण्यात, प्रत्येकाने एकदा तरी होडी उलटी करून बाहेर आलेच पाहिजे.

बंदी घातली तर जो परवानगी मागायला येतो, तोच थांबेल. न विचारता मुले नेणारा नेतच राहील. आमच्या भागातल्या मुलांनी २०१९ आणि २०२१ च्या महापुरात कृष्णा घरात शिरलेली पाहिली. उरलेल्या वर्षांत ती त्यांना पुलावरून दिसते तेवढीच. ज्या नदीची त्यांना फक्त भीती आहे, तिच्यात मिसळणाऱ्या सांडपाण्याविरुद्ध ती उद्या कशाला बोलतील?

म्हणून माझी मागणी वेगळी आहे. परवानगी देताना प्रशासनाने एक पानी आराखडा मागावा: रोजचे अंतर, मुक्काम, उतरायच्या जागा, पाणी सुटण्याच्या वेळा, आणि कुठल्या कारणाने सफर थांबवायची ते. त्याची प्रत वाटेतल्या पोलीस पाटलांकडे आणि पालकांकडे असावी. जलसंपदा विभागाने आवर्तनाचे वेळापत्रक बारमाही जाहीर करावे आणि बंधाऱ्यांच्या वरच्या अंगाला, होडीतून वाचता येतील असे फलक लावावेत.

आमच्या आराखड्यात शेवटची ओळ होती, 'बहेच्या पुढे जायचे नाही.' भिलवडी, औदुंबर, डिग्रज या पट्ट्यात मगरी आहेत, हे इथे सगळ्यांना ठाऊक आहे. तिसऱ्या दिवशी दुपारी मुले जोमात होती. "सर, सांगलीपर्यंत जाऊया, आयर्विन पुलाखालून जाऊ," असा गलका झाला. मलाही मोह झाला, खोटे कशाला बोलू? पण ती ओळ दोन महिन्यांपूर्वी, घरी बसून, डोके थंड असताना लिहिली होती. आम्ही बहेला होड्या काठाला ओढल्या, मारुतीचे दर्शन घेतले आणि टेम्पोने घरी आलो.

यंदा नातीला म्हटले आहे, आराखडा तू कर, सही मी करतो. सध्या ती बंधारे मोजते आहे.

– एक निवृत्त क्रीडाशिक्षक, सांगली