पोरं टिकत नाहीत म्हणता, सुट्टी कधी दिलीत?

आपल्या बाजारपेठेत कुठल्याही दुकानात टेका, चहा येईपर्यंत शेठचं एक वाक्य ठरलेलं: "आजकालची पोरं टिकत नाहीत हो." कापडवाले तेच म्हणतात, मोबाईलवाले तेच, मेडिकलवालेही तेच. मग दोष रीलला, दोष सरकारी योजनांना. दुकानातल्या घड्याळाकडे मात्र कुणी बघत नाही.

हिशेब मांडू. सकाळी दहाला दुकान उघडतं, रात्री साडेनऊला शटर खाली. साडेअकरा तास. आधीची झाडलोट आणि नंतर उसकटलेल्या साड्यांच्या घड्या हे वेगळंच. सात दिवसांचे होतात साडेऐंशी तास. कायद्यातला आठवडा ४८ तासांचा आहे. म्हणजे एका पगारात दीड माणसाहून जास्त काम, आणि वर "पोरगं आळशी आहे"!

पूर्वी निदान बाजार बंदचा दिवस असायचा. १९४८ च्या कायद्यात आठवड्यातून एक दिवस दुकान बंद ठेवावंच लागे. शेठच्या मनात असो नसो, त्या दिवशी पोरगं घरी. २०१७ चा कायदा आला आणि ३६५ दिवस दुकान उघडं ठेवायची मुभा मिळाली. मुभेला माझा विरोध नाही, नोकरदार गिऱ्हाईक रविवारीच मोकळं असतं. पण त्याच कायद्यात कामगाराला आठवड्यातून सलग २४ तास सुट्टी आणि जादा कामाला दुप्पट दर हेही लिहिलंय. आपण सोयीचं पान वाचलं आणि पुस्तक मिटलं.

यावर उत्तर तयार असतं. "आमच्याकडे सहाच पोरं, दहाच्या खाली हे कलम लागत नाही." बरोबर आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये तर मंत्रिमंडळाने ही मर्यादा २० वर न्यायला आणि दिवसाचे तास ९ चे १० करायलाही मंजुरी दिली. म्हणजे सरकारनेच सांगितलं, लहान दुकानदारा, तुझं तू बघ. मग बघा ना! कलम लागत नाही म्हणून पोटऱ्या दुखायच्या थांबत नाहीत. नारायण मेघाजी लोखंड्यांनी मुंबईच्या गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी मिळवून दिली ती १८९० साली. आपल्या मेन रोडला ती अजून पोचायची आहे.

"परवडत नाही" हे दुसरं उत्तर. त्यासाठी सहा माणसांचंच दुकान घेऊ. आठवडे बाजाराच्या दिवशी सगळे लागतात, मान्य. उरले दिवस सहा, माणसं सहा. रोज एकाला सुट्टी, पाच कामावर. पाचातले दोघं दहाला येऊन सातला जातील, तिघं साडेबाराला येऊन साडेनऊला. मध्ये जेवायला तासभर, आळीपाळीने. प्रत्येकाचे दिवसाचे आठ तास, आठवड्याचे ४८. एकही नवीन माणूस लागला नाही. सकाळी अकराला दुकानात गिऱ्हाईक असतं किती, की सगळी फौज दहाला हजर हवी? बाहेरगावच्या मुलींना पहिली पाळी द्या, त्यांना शेवटची एसटी गाठायची असते.

दिवाळीत आणि लग्नसराईत सुट्टी देता येत नाही, हेही कळतं. पण बुडालेली सुट्टी वहीत लिहा आणि पौषात परत करा. पौषात लग्नं नसतात, तुम्हीच गल्ल्यावर पेपर वाचत बसलेले असता.

सुट्टी देणारेही आहेत, नाही असं नाही. पण कशी देतात? सकाळी नऊला फोन, "आज नको येऊ, धंदा नाही." नाहीतर सुट्टीच्या दिवशी दुपारी दोनला फोन, "जरा येऊन जा, माल आलाय." आणि त्या दिवसाचा पगार कापायचा तो कापायचाच. ही सुट्टी नव्हे, दंड आहे. बहिणीकडे जायचं, आईला दवाखान्यात न्यायचं, तर पोराला पंधरा दिवस आधी वार माहीत पाहिजे. महिन्याचा तक्ता भिंतीवर लावा. एक कागद आणि सेलोटेप, खर्च एवढाच.

आणि थकलेला माणूस तुमचंच नुकसान करतो. रात्री नऊला पेंगुळलेलं पोरगं मेडिकलमध्ये एकाऐवजी दुसरी स्ट्रिप देऊ शकतं. कापडाच्या दुकानात ते गिऱ्हाईकावर खेकसतं, गिऱ्हाईक समोरच्या दुकानात जातं. मग ते पोरगंही जातं आणि कुठल्या रॅकला काय आहे हे नव्याला पुन्हा पहिल्यापासून शिकवायचं.

आता कमेंटमध्ये कुणीतरी विचारणारच, पत्रकारांना असते का सुट्टी? नसते. तालुका वार्ताहराला मानधनही नावालाच असतं. म्हणून काय दुकानातली पोरंही अशीच पिळायची का?

व्यापारी संघाची दिवाळीआधीची बैठक होईल, तेव्हा पार्किंग आणि रोषणाईच्या जोडीला हा एक विषय घ्या. ज्या दुकानात सुट्टीचा तक्ता भिंतीवर दिसेल, त्या दुकानाचं नाव मी फोटोसकट इथे टाकीन. जाहिरातीचा एक रुपया न घेता.