आवाज तुटतो तो सांध्यावर

परवा मुंबईहून पुण्याला येताना गाडीने कर्जत सोडले आणि बहिणीचा फोन आला. ‘दादा, आईला दवाखान्यात आणलंय...’ कुठल्या, हे कळायच्या आत बोगदा आला आणि आवाज तुटला. पुन्हा फोन लागेपर्यंतचा वेळ कसा गेला, ते माझे मला ठाऊक. आई आता घरी आहे. प्रश्न मात्र मनातून गेलेला नाही.

खरे तर धावत्या गाडीत बोलणे चालू राहते, हेच नवल. एक मनोरा ठरावीक टापूच सांभाळतो. टापू ओलांडताना कॉल पुढच्या मनोऱ्याच्या हवाली करणाऱ्या व्यवस्थेचे पेटंट अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेच्या एमॉस जोएल यांना १९७२ मध्ये मिळाले. आपण बोलत असतो तेव्हा फोन आसपासच्या मनोऱ्यांच्या लहरींचा जोर मोजून कळवत असतो. पुढचा मनोरा पुरेसा सरस ठरला की यंत्रणा तिथे आधी जागा राखते आणि मग फोनला तिकडे वळण्याचा हुकूम देते. सेकंदाच्या अंशात सारे उरकते. अटी दोनच: हुकूम पोचेपर्यंत जुना धागा टिकला पाहिजे आणि पुढच्या मनोऱ्यावर जागा हवी. पहिली अट बोगद्यात मोडते, दुसरी गर्दीच्या शहरात.

दूरसंचार नियामक प्राधिकरणाने २०१५ मध्ये तुटलेल्या कॉलमागे एक रुपया, दिवसाला तीन कॉलपर्यंत, अशी भरपाई ठरवली. सर्वोच्च न्यायालयाने मे २०१६ मध्ये ती रद्द केली. प्रत्येक कॉल कंपनीच्याच दोषाने तुटतो असे नाही, हा मुद्दा त्या वादात होता आणि तो खोटा नव्हे. मनोऱ्यांना जागा मिळत नाही, हे कंपन्यांचे गाऱ्हाणेही खोटे नव्हे. आमच्या सोसायटीने गच्चीवरचा मनोरा नाकारला, तेव्हा हात वर करणाऱ्यांत मीही होतो.

पण दोष वाटला गेला म्हणून जबाबदारी संपत नाही. घाटातल्या बोगद्यावर कुणाची गच्ची आड येत नाही. भुयारातही फोन चालतो, हे दिल्लीच्या मेट्रोने दाखवून दिले आहे. तिथे जे जमले ते घाटात का जमू नये, हे रेल्वेने आणि कंपन्यांनी सांगावे. सोसायटीच्या पुढच्या सभेत हात वर करण्याआधी मी मात्र तो बोगदा आठवणार आहे.