समजून घ्या : सर्व्हरवरची परवानगी-तपासणी बंद केली तर काय होते?

चंद्रपूर महाऔष्णिक वीज केंद्राच्या शेजारची वसाहत म्हणजे ऊर्जानगर. २,९२० मेगावॉटच्या या केंद्रात दुरुस्तीला हात लावण्याआधी परमिट लागते, हे इथे घराघरांत ठाऊक आहे. वेळ जातो म्हणून परमिटच बंद करा, असे कुणी म्हणत नाही. संगणकाच्या जगात मात्र हे सर्रास होते.

नेमके काय?
हडूपची फाइल सिस्टीम, म्हणजे एचडीएफएस, मोठा डेटा तुकडे करून अनेक संगणकांवर साठवते. ‘नेमनोड’ हा मुख्य सर्व्हर कोणता तुकडा कुठे आहे याची नोंद ठेवतो. फाइल मागणाऱ्याला ती वाचण्याचा वा बदलण्याचा हक्क आहे का, हेही तोच तपासतो. ही तपासणी एका सेटिंगने बंद करता येते. ‘परवानगी नाकारली’ असा संदेश आला, काम अडले, की अनेकांना हाच सोपा मार्ग वाटतो.

धोका कुठे?
तपासणी बंद झाली की फायलींचे मालक आणि नियम कागदावर तसेच राहतात, पण त्यांना कुणी विचारत नाही. सर्व्हरपर्यंत पोहोचलेला कोणीही कोणतीही फाइल वाचू वा पुसू शकतो. प्रत्येक तुकड्याच्या साधारण तीन प्रती असतात. त्या डिस्क बिघडल्यास उपयोगी पडतात. फाइल पुसली की तिन्ही प्रती जातात.

जानेवारी २०१७ मध्ये इंटरनेटवर उघडे राहिलेले हडूप सर्व्हर शोधून त्यांतला डेटा पुसून टाकल्याचे प्रकार जगभर समोर आले.

नुसती तपासणी पुरेशी आहे?
नाही. साध्या मांडणीत हडूप समोरचा सांगेल ते नाव खरे मानते. ओळखपत्र न पाहता नाव विचारणाऱ्या रखवालदारासारखेच हे. म्हणून ओळख पटवणारी ‘कर्बेरॉस’ व्यवस्थाही हवी.

मग करायचे काय?
संदेश नीट वाचा. कोणाला, कोणत्या फोल्डरवर अडवले, ते त्यात असते. तेवढ्याच गटाला तेवढाच हक्क द्या. तपासणी बंद करायचीच असेल, तर खरा डेटा नसलेल्या आणि बाहेरून न दिसणाऱ्या चाचणी-सर्व्हरवरच.

अशा सर्व्हरवर ठेवलेली माहिती बहुतेक वेळा आपली, ग्राहकांची असते. अडलेले काम तासाभराने होईल. पुसलेली नोंद परत येईलच असे नाही. परमिटचा हा धडा वीज केंद्राच्या फाटकाबाहेरही लागू आहे.