आधी गरज, मग दिमाख: के. आर. पुरमच्या रहिवाशांचे मागणीपत्र

प्रति,
मा. आयुक्त, बेंगळुरू पूर्व महानगरपालिका

विषय: आगामी अर्थसंकल्पातील खर्चाचा अग्रक्रम नागरिकांशी चर्चा करून ठरवण्याबाबत

महोदय,

के. आर. पुरम परिसरात राहणाऱ्या मराठी कुटुंबांचा आमचा संघ आहे. या मागण्या केवळ आमच्या नाहीत. पावसाळ्यात नाला तुंबला, की कन्नड, तमिळ, तेलुगू आणि मराठी अशा सर्वच शेजाऱ्यांच्या घरांत पाणी शिरते. सार्वजनिक पैसा कुठे खर्च व्हावा, हे विचारण्याची आमची परंपरा मात्र जुनी आहे आणि या मागणीपत्राला तिचाच आधार आहे.

२६ मार्च १९०२ रोजी कलकत्त्याच्या वरिष्ठ कायदेमंडळात मराठी नेते गोपाळ कृष्ण गोखले अर्थसंकल्पावर बोलले. तिजोरीत सुमारे सात कोटी रुपयांची शिल्लक पडली होती. दुष्काळ आणि प्लेगने पिचलेल्या देशात ही शिल्लक समृद्धीची खूण नाही, असे त्यांनी आकड्यांनिशी मांडले. रुपयाचा भाव चढा ठेवल्याने विलायतेतील देण्यांचा सरकारवरचा भार हलका झाला होता, पण अडचणीच्या काळात वाढवलेले कर तसेच ठेवले होते. मिठावर मणामागे अडीच रुपये कर होता. तो कमी करा, लष्करी खर्च आवरा, प्राथमिक शिक्षणाला पैसा द्या, असा त्यांचा आग्रह होता.

१८९२च्या कायद्याने सभासदांना अर्थसंकल्पावर बोलता येई, मत देता येत नसे. तरीही गोखले दरवर्षी बोलत राहिले. सरकारचेच छापील आकडे त्यांनी गणेश व्यंकटेश जोशींसारख्या जाणकारांच्या साहाय्याने तपासले. मिठावरचा कर १९०३पासून टप्प्याटप्प्याने उतरत १९०७ मध्ये एक रुपयावर आला. सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचे त्यांचे विधेयक मात्र १९१२ मध्ये ३८ विरुद्ध १३ मतांनी फेटाळले गेले.

परकीय सत्तेखालीही अर्थसंकल्पावर निदान बोलता येत होते. आमच्या शहरात सप्टेंबर २०२०मध्ये नगरसेवकांची मुदत संपली आणि २०२५-२६पर्यंतचे पाच अर्थसंकल्प लोकनियुक्त सभागृहाविना मंजूर झाले. त्यांतील शेवटचा सुमारे १९,९०० कोटी रुपयांचा होता. हेब्बाळ ते सिल्क बोर्ड या सुमारे १७ किलोमीटरच्या भुयारी रस्त्याचा अंदाजित खर्च १७ हजार कोटींहून अधिक आहे. मे २०२५च्या पावसात मात्र होरमावूजवळच्या साई लेआउटमध्ये लोकांच्या घरांत पाणी भरले. मोटारीला भुयार आधी, की पायाखालच्या नाल्याला वाट आधी, हा प्रश्न कुणी, कुठे आणि कुणासमोर चर्चेला घेतला?

म्हणून आमच्या मागण्या अशा:

१. अर्थसंकल्पाचा मसुदा मंजुरीच्या किमान एक महिना आधी, वॉर्डनिहाय आकड्यांसह, सोप्या कन्नड आणि इंग्रजीत प्रसिद्ध करावा. आकडेच हाती नसतील, तर नागरिकांची चर्चा तक्रारींपुरतीच उरते. मराठी कुटुंबांसाठी अनुवादाचे काम आमचा संघ विनामूल्य करील.

२. प्रत्येक वॉर्डात खुली सुनावणी घ्यावी. तीन लाख किंवा त्याहून अधिक लोकसंख्येच्या शहरांत वॉर्ड समित्या असाव्यात, असे राज्यघटनेच्या २४३-एस या कलमात म्हटले आहे. आलेली सूचना मान्य की अमान्य, आणि का, याचे लेखी उत्तर मिळावे.

३. नव्या कामाआधी जुन्याची देखभाल व्हावी. राजकालुव्यांची, म्हणजे मोठ्या पावसाळी नाल्यांची, सफाई आणि रुंदीकरण तसेच तलावांचे रक्षण यांसाठी स्वतंत्र तरतूद असावी. ती वर्षाच्या मध्यात दुसरीकडे वळवू नये.

४. के. आर. पुरम मेट्रो स्थानक, रेल्वे स्थानक आणि टिन फॅक्टरी चौक यांच्यामध्ये सलग पदपथ, दिवे आणि रस्ता ओलांडण्याची सुरक्षित सोय यांसाठी निधी द्यावा. २०२३मध्ये मेट्रो आली. तिथवर चालत पोहोचणाऱ्याचा विचारही खर्चात दिसावा.

५. वर्षअखेरीस तरतूद किती, खर्च किती आणि काम किती झाले, याचा तक्ता वॉर्ड कार्यालयात लावावा. नाला तुंबलेला असताना त्याच्यासाठीचा पैसा पडून राहिला, तर ती काटकसर ठरत नाही. १९०२च्या शिल्लकीला लागू पडलेला न्याय इथेही लागू पडतो.

६. मोठ्या प्रकल्पाच्या खर्चासोबत त्याच रकमेत कोणती मूलभूत कामे झाली असती, याची तुलना जाहीर करावी.

७. महापालिकेच्या निवडणुका यापुढे मुदतीत व्हाव्यात, यासाठी आपण राज्य शासनाकडे लेखी आग्रह धरावा.

यातल्या पहिल्या, दुसऱ्या, पाचव्या, सहाव्या आणि सातव्या मागणीला फारसा पैसा लागत नाही, निर्णय लागतो. उरलेल्या खर्चाच्या मागण्यांसाठी आम्ही जादा कर नव्हे, असलेल्या कराचा योग्य क्रम मागतो. आपण चर्चेची तारीख कळवावी. आम्ही आकड्यांचा अभ्यास करून, शेजाऱ्यांना सोबत घेऊन येऊ.

आपले,
के. आर. पुरम परिसरातील मराठी रहिवासी