नेव्हिल डिसोझा कोण होते? खारघरच्या मैदानाला त्यांचे नाव का हवे?

पनवेलमध्ये संध्याकाळी फुटबॉल खेळणाऱ्या मुलांच्या जर्सीवर मेस्सी, रोनाल्डो असतात. नेव्हिल डिसोझा कुणाच्याच पाठीवर नसतात.

गोव्यातील आसगावात १९३२ मध्ये जन्मलेले डिसोझा मुंबईत टाटा संघाकडून खेळले. १ डिसेंबर १९५६ रोजी मेलबर्न ऑलिंपिकमध्ये त्यांनी यजमान ऑस्ट्रेलियाविरुद्ध तीन गोल केले आणि भारत ४-२ असा जिंकला. ऑलिंपिक फुटबॉलमध्ये हॅटट्रिक करणारे ते पहिले आशियाई. त्या स्पर्धेत भारत चौथा आला. आज हे सांगितले तर मुलांना थट्टाच वाटेल!

१९८० मध्ये, अवघ्या ४७व्या वर्षी डिसोझा गेले. त्यांचा खेळ पाहिलेले चाहते आता ऐंशीच्या घरात आहेत. खारघरमध्ये सिडकोचे फुटबॉल केंद्र आहे. तिथल्या एका मैदानाला डिसोझांचे नाव द्यावे. खर्च फक्त पाटीचा.